एआरटीच्या गोळ्या: जिल्ह्यात, मुंबईत की खासगीत?

एचआयव्हीचं निदान झालं की कोकणात खर्चाच्या आधी भीती येते ती गावात कळण्याची. त्या भीतीपोटी माणसं जवळचं केंद्र सोडून लांब जातात आणि पुढे दमतात. एआरटी, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारं औषध, आयुष्यभराचं आहे, म्हणून आधी हिशोब मांडा.

सरकारी एआरटी केंद्रात रोजची एक गोळी (टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकत्र), व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) तपासणी आणि समुपदेशन मोफत आहे. मोफत औषधांची ही योजना 1 एप्रिल 2004 ला सुरू झाली. 2001 मध्ये सिप्ला या भारतीय औषध कंपनीने रुग्णामागे वर्षाला 350 डॉलरमध्ये तीन औषधं देऊ केली. तोवर हाच खर्च 10,000 डॉलरच्या वर होता. जेनेरिक औषधं नसती तर गरीब देशांच्या सरकारांना हा भार पेललाच नसता.

तरी रुग्णाच्या खिशाला चाट बसतेच. मंडणगडहून रत्नागिरी म्हणजे अख्खा दिवस गेला: जेवणखाण, बुडालेली मजुरी, सोबत आलेल्याचीही मजुरी. एसटीत एचआयव्ही रुग्णांना सवलत आहे, पण ओळखीच्या कंडक्टरपुढे ते कार्ड काढायचं कसं? यावर लिंक एआरटी केंद्र हा खरा उतारा आहे. जिल्ह्याच्या केंद्रात उपचार सुरू करायचे आणि तब्येत स्थिरावली की जवळच्या लिंक केंद्रातून गोळ्या घ्यायच्या. तीन महिन्यांच्या एकदम मिळतील का, तेही विचारा.

मुंबई चाकरमान्यांसाठी ठीक. नोकरीच तिथे असेल तर प्रश्न नाही. गावात राहून केवळ लपवण्यासाठी मुंबई गाठणं मला पटत नाही. रेल्वेचं आरक्षण मिळालं नाही की गोळ्यांत खंड पडतो, आणि खंड पडत राहिला की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. कायमचे गावी परतलात तर केंद्र बदलून मिळतं.

खासगीत रांग नाही, ओळखीचे चेहरेही कमी. पण गोळ्या दरमहा विकत, व्हायरल लोडला वेगळे काही हजार. हंगामी कमाईवर हे फार काळ निभत नाही. गुप्ततेचं म्हणाल तर 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा सरकारी आणि खासगी दोघांनाही बांधतो: काही अपवाद सोडले तर संमतीशिवाय तुमची माहिती उघड करता येत नाही.

बागायतदार, मजूर, मच्छीमार यांना मी जिल्हा आणि लिंक केंद्र हाच मार्ग सांगेन. खोल समुद्रात जाणाऱ्या खलाशाने फेरीचे दिवस समुपदेशकाला आधीच सांगावेत आणि थोड्या जादा गोळ्या मागून घ्याव्यात.