१९६९ कॅमॅरो एसएस ३५०: अकरा महिने आणि चार हजार मैलांनंतर

शेव्हरोले कॅमॅरोचं १९६९ चं मॉडेल, एसएस ३५० (एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, ३५० म्हणजे इंजिनाचे घन इंच). एल४८ इंजिन, चार बॅरलचा क्वाड्राजेट कार्बोरेटर, टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागे १२ बोल्टांचा एक्सल. अमेरिकेतल्या रस्त्यांवर अकरा महिने आणि साधारण चार हजार मैल चालवल्यावर मत पक्कं झालं आहे: या गाडीला ताकद कमी पडत नाही. तिला त्रास होतो तो उष्णतेचा, इथेनॉलचा आणि गंजाचा. त्यामुळे पैसे घालायचेच असतील तर आधी इंजिन थंड ठेवण्यात, पेट्रोलच्या वाटेत, ब्रेकमध्ये आणि पुढच्या चाकांच्या अलाइनमेंटमध्ये घाला. मोठा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि हेडर्स (मोकळे एक्झॉस्ट पाइप) सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि मग गाडी गॅरेजात उभी राहते.

कागदावर ३०० अश्वशक्ती लिहिलेली आहे ती त्या काळच्या ग्रॉस पद्धतीची, म्हणजे इंजिन स्टँडवर मोकळं ठेवून मोजलेली. आजच्या गाड्यांच्या आकड्यांशी तिची तुलना करू नका. खरा आनंद टॉर्कचा आहे: ३२०० आरपीएमला ३८० पाउंड-फूट. हायवेला शिरताना पाय अर्धाच दाबावा लागतो. मायलेज गॅलनला १२-१३ मैल, म्हणजे लिटरला जेमतेम साडेपाच किलोमीटर. टाकी १८ गॅलनची आहे, तरी दोनशे मैलांच्या आत पंप शोधायला लागायचं हे गृहीत धरा.

आता पत्रा. विकत घेताना इंजिनाच्या आवाजावर भाळू नका. इंजिन उघडून पुन्हा बांधता येतं, सडलेला काउल मात्र बांधणाऱ्याचा जीव काढतो. काउल म्हणजे पुढच्या काचेखाली, वायपरच्या जाळीच्या आत असलेली पत्र्याची पेटी. झाडाची पानं जाळीतून आत पडतात, कुजतात, ओल धरून ठेवतात आणि पत्रा आतून खातात. तपासणी सोपी आहे. पाण्याचा पाइप हळू सोडून जाळीत पाच मिनिटं पाणी घाला. दोन्ही बाजूंना पुढच्या मडगार्डच्या मागच्या टोकाशी, दाराच्या कडेजवळ खालून पाणी धारेनं बाहेर यायला हवं. एका बाजूनं आलं आणि दुसरीकडून नाही, तर तिकडे चोंदलंय. पायाखालच्या कार्पेटवर थेंब पडले, तर पत्रा गेलाय. कार्पेट उचलून हात फिरवा, डोळ्यांवर विसंबू नका.

दुसरी जागा मागच्या काचेचे खालचे कोपरे. क्रोमची पट्टी ज्या क्लिपांवर बसते, त्या क्लिपा पत्र्याला वेल्ड केलेल्या बारीक खुंट्यांवर असतात. त्या खुंट्यांच्या बुडाशी गंज धरतो, भोक पडतं आणि पावसाचं पाणी थेट डिकीत उतरतं. डिकीत आडवं होऊन टॉर्च घेऊन मागच्या सीटमागच्या फळीच्या खालून वर बघा. वरून नवा रंग आणि आतून तपकिरी ओघळ दिसले, तर भाव पाडा किंवा सोडून द्या. मागच्या चाकांच्या मागचा खालचा पत्रा, डिकीचा तळ आणि पुढच्या मडगार्डचा मागचा खालचा कोपरा इथे लोहचुंबक फिरवायचा. चिकटला नाही तर आत पुटी (लांबी) भरलीय.

या गाडीला पूर्ण चासी नाही. पुढचा सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाकं धरणारी चौकट) वेगळा आहे आणि तो रबरी बुशांवर बॉडीला बोल्टनं जोडलेला आहे. बुश चेपले की दारांच्या फटी बदलतात आणि दार उचलून लावावं लागतं. बुश बदलताना सबफ्रेम आणि बॉडी दोन्हीत ५/८ इंचाची जी अलाइनमेंटची भोकं आहेत, त्यांत सरळ सळई घालून मगच बोल्ट आवळा. हे केलं नाही तर फ्रेम तिरकी बसते आणि पुढे कितीही अलाइनमेंट केली तरी गाडी एका बाजूला ओढते.

ओळखीबद्दल थोडं, कारण यात फार फसवणूक होते. १९६९ च्या व्हीआयएनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) गाडी एसएस आहे की नाही हे कळत नाही. १२४३७ नं सुरू होणारा नंबर एवढंच सांगतो की ही व्ही८ ची कूपे आहे. त्यानंतरचा ९ हा सालाचा आणि पुढचं अक्षर कारखान्याचं: नॉरवुड, ओहायो किंवा व्हॅन नाइज, कॅलिफोर्निया. नॉरवुडला डिसेंबर १९६८ नंतर फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरच्या) पट्टीवर एक्स-कोड मारायला लागले. त्यात एक्स५५ असेल तर ती एसएस ३५० च. पण एक्स११ साध्या गाडीवरही असतो, एसएसवरही. विकणारा एक्स११ दाखवून एसएसचा भाव मागत असेल तर होकार देऊ नका. कॅलिफोर्नियाच्या गाड्यांवर हे कोड नाहीतच. तिथे जुनी कागदपत्रं आणि उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर ठोकलेला व्हीआयएनचा तुकडा, हाच आधार. हे मॉडेल नेहमीपेक्षा जास्त काळ बनत राहिलं, कारण पुढचं मॉडेल थेट फेब्रुवारी १९७० मध्ये आलं. एकूण २,४३,०८५ गाड्या निघाल्या. त्यामुळे पार्ट्सचा तुटवडा नाही, आख्खी नवी बॉडीसुद्धा विकत मिळते. अडचण पार्ट्सच्या दर्जाची आहे, ती पुढे येईलच.

या अकरा महिन्यांत सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पेट्रोलनं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. त्यानं जुने रबरी पाइप आतून मऊ होतात आणि काळी भुकटी फिल्टरमध्ये येते. शिवाय हे पेट्रोल गरम कार्बोरेटरमध्ये लवकर उकळतं. टाकीजवळचा आणि पंपाजवळचा रबरी तुकडा एसएई ३०आर९ दर्जाचा घाला, साधा चालत नाही. महाराष्ट्रात जुनी पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर जपणाऱ्यांनाही आता ई२० (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोल) मुळे हीच काळजी आहे आणि उपायही तोच.

चार दिवस उभी राहिली की सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, ही या गाडीबद्दलची सर्वांत मोठी तक्रार. लोक लगेच पंप बदलतात. आधी एअर क्लीनर काढा, सेल्फ न मारता हातानं थ्रॉटल ढकला आणि कार्बोरेटरच्या घशात बघा. दोन बारीक धारा उडाल्या तर बाउलमध्ये (कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या भांड्यात) पेट्रोल आहे, दोष चोकचा किंवा स्पार्कचा. कोरडं राहिलं तर बाउल रिकामा आहे. पेट्रोल उडून गेलं की गळून गेलं, हे पाहायला कार्बोरेटर उतरवा, बाउल भरा आणि पांढऱ्या कागदावर तासभर ठेवा. क्वाड्राजेटच्या बुडाला कारखान्यात ठोकलेल्या बुचांखाली ओला डाग पडला, तर ती बुचं पाझरतायत. जागा घासून, साफ करून पेट्रोल सहन करणारा इपॉक्सी लावला की काम होतं. डाग नाही, तर ते नुसतं बाष्पीभवन आहे. त्यासाठी काही बदलू नका, रोज किंवा दोन दिवसांआड गाडी चालवा.

कार्बोरेटर परत बसवताना पुढचे दोन लांब बोल्ट जोरात आवळू नका, १२ पाउंड-फूट पुरे. जास्त आवळले की वरचं कास्टिंग वाकतं आणि थ्रॉटल अडकतो. पेट्रोल आत येतं तिथला १ इंची नट एका पान्यानं धरायचा आणि पाइपाचा ५/८ चा नट दुसऱ्या पान्यानं फिरवायचा. एकाच पान्यानं केलं तर मऊ जस्ताच्या कास्टिंगचे आटे जातात आणि मग गळती कायमची.

उकळण्यावर अनेक जण इनटेक मॅनिफोल्डचा गरम वायूचा मार्ग बंद करायला सांगतात. या मॉडेलमध्ये ते डोळे झाकून करू नका. चोकची बायमेटल कॉइल (उष्णतेनं वळणारी स्प्रिंग) त्याच मॅनिफोल्डच्या खोबणीत बसते आणि त्याच उष्णतेवर उघडते. मार्ग बंद केला की चोक उघडतच नाही, गाडी काळा धूर सोडते आणि प्लग भरतात. त्यापेक्षा कार्बोरेटरखाली जाड इन्सुलेटिंग गॅसकेट घाला आणि उजव्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डखालचा हीट रायझर व्हॉल्व्ह (गरम वायू मॅनिफोल्डकडे वळवणारी झडप) थंड असताना हातानं फिरतो का बघा. तो बंद अवस्थेत अडकला असेल, तर सगळा रोग तिथेच आहे. पंख्याभोवतीचा श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं कवच) आधीच्या मालकानं काढला असेल तर तो आधी शोधून लावा. ट्रॅफिकमध्ये तापमान खाली आणण्यात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

कॉम्प्रेशन १०.२५:१ आहे. ९१ ते ९३ ऑक्टेनच घाला. ८७ वर चढाला नॉकिंग स्पष्ट ऐकू येतं आणि ते ऐकत गाडी रेटली तर पिस्टनचं नुकसान होतं.

पॉइंट्सचं (स्पार्कसाठी प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांचं) काम मात्र मनापासून आवडलं. डेल्कोच्या डिस्ट्रिब्यूटर कॅपला एक सरकती पत्र्याची खिडकी आहे. इंजिन गरम करून स्लोवर ठेवा, खिडकी वर सरकवा, १/८ इंचाची अॅलन की आतल्या स्क्रूत घाला. घड्याळाच्या दिशेनं हळू फिरवत जा. एक क्षण येतो की इंजिन मिस मारायला लागतं, बोटांनाही ते जाणवतं. तिथून बरोबर अर्धा फेरा उलटा. डिस्ट्रिब्यूटर न उघडता, गाडी चालू असताना! डवेल (पॉइंट बंद राहतात तो कोन) मोजणारा मीटर लावला तर ३० अंशांच्या आसपास दिसतं, २८ ते ३२ चालतं. डवेल आधी, टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) नंतर, कारण डवेल हलला की टायमिंगही हलतं. पॉइंटच्या टाचेला तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा. नाही लावलं तर टाच झिजते, फट मिटत जाते, टायमिंग मागे पडतं आणि गाडी उगाच तापते. नव्यानं बनलेले कंडेन्सर (पॉइंट्सना जोडलेली विजेची छोटी डबी) फार लवकर जातात, म्हणून चालणारा जुना कंडेन्सर फेकू नका, डिकीत ठेवा.

टायमिंग मारताना व्हॅक्यूमचा पाइप काढून बुच लावा. सुरुवातीचं १० अंश, आणि ३००० आरपीएमला एकूण ३४ ते ३६, यावर हे इंजिन खूष असतं. पण टायमिंग लाइट मारण्याआधी बॅलन्सरवरची (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या चकतीवरची) खूण खरी आहे का ते पिस्टन स्टॉप (प्लगच्या जागी बसवायचा अडथळा) लावून तपासा. बॅलन्सरची बाहेरची कडी रबरावर बसलेली असते आणि पन्नास वर्षांत ती सरकलेली असू शकते. डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढून क्रँक हातानं मागेपुढे फिरवा आणि रोटर कधी हलतो ते बघा. आठ-दहा अंश फिरवूनही रोटर जागचा हलत नसेल तर टायमिंग चेन सैल झालीय. जुन्या कॅम गिअरचे दात नायलॉनचे असतात. ते तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकण्याआधी लोखंडी जोडी घाला. ऑइल ५ क्वार्ट, फिल्टर धरून, आणि झिंक भरपूर असलेलं. आजच्या साध्या ऑइलवर फ्लॅट टॅपेट कॅमचे लोब (व्हॉल्व्ह उचलणारे उंचवटे) घासून जातात.

गरम असताना बंद केली आणि पंधरा मिनिटांनी सेल्फ फक्त ‘टक’ करतो, तर स्टार्टर बदलण्याआधी मल्टिमीटर घ्या. सेल्फ मारताना बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर केबल खराब. इंजिनापासून फायरवॉलला जाणारी अर्थची पट्टीही बघा, ती बऱ्याचदा नसतेच.

ब्रेक पुढे ११ इंची डिस्क, मागे ९.५ इंची ड्रम. १९६९ मध्ये सिंगल पिस्टन कॅलिपर आले, आधीच्या चार पिस्टनवाल्यांपेक्षा सांभाळायला फार सोपे. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली तर आधी पुढचे रबरी होज बदला. ते आतून फुगून व्हॉल्व्हसारखे वागतात.

स्टिअरिंग सैल वाटलं म्हणून बॉक्सवरचा स्क्रू आवळू नका. प्ले बहुधा रॅग जॉइंटच्या (स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या सांध्याच्या) रबरात किंवा आयडलर आर्ममध्ये असतो. कारखान्याचं कास्टर (चाकाच्या वळणाच्या अक्षाचा मागेपुढे कल) क्रॉस-प्लाय टायरसाठी होतं, रेडियलवर गाडी भटकते. २२५/७०आर१४ टायर घालून कास्टर अधिक ३ अंशांजवळ, कॅम्बर (चाकाचा आतबाहेर कल) उणे अर्धा, टो-इन (पुढच्या चाकांचं आत वळणं) एकूण १/८ इंच मागा. वरच्या आर्मच्या मागच्या बोल्टाला शिम (पातळ पट्ट्या) वाढवल्या की कास्टर वाढतं. एवढ्या एका कामानं ७० मैलांच्या वेगाला गाडी सरळ रेषेत जायला लागली. बाकी कुठल्याही खर्चानं इतका फरक पडला नाही.

गिअरबॉक्सचं ऑइल जमिनीवर थेंबही न पडता कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारी गिअरबॉक्सवरची डबी) बघा. त्याचा पाइप काढा, आत लाल ऑइल दिसलं तर डायफ्राम फाटलाय आणि इंजिन ते ऑइल ओढतंय. स्वस्त पार्ट आहे, एका बोल्टचं काम. याउलट महिनाभर उभ्या गाडीखाली लाल डाग दिसला तर घाबरू नका. टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागातलं) ऑइल पॅनमध्ये उतरतं, पातळी शिफ्टरच्या सीलपर्यंत चढते आणि तिथून झिरपते. पातळी नेहमी गरम इंजिन चालू ठेवूनच मोजायची, थंड गाडीत काठी बघून वरून ऑइल ओतू नका.