पायरेप: एका हिवाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

उड्डाणात असलेल्या वैमानिकाला प्रत्यक्ष भेटलेले हवामान त्याने मागून येणाऱ्यांना कळवावे, या व्यवस्थेला अमेरिकेत पायरेप, म्हणजे ‘पायलट रिपोर्ट’, म्हणतात. परवान्याच्या अभ्यासात ते सगळ्यांनाच शिकवतात आणि परीक्षेतही त्यावर प्रश्न असतो. पुढे मात्र बहुतेकांच्या टॅब्लेटवरील नकाशात एक बारीक खूण एवढेच त्याचे अस्तित्व उरते. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचे काही न दिसताही केवळ उपकरणांच्या आधारे ढगांतून उडण्याची मान्यता, हाती आल्यानंतर मी शरद ऋतूपासून हिवाळा सरेपर्यंत, मिशिगन आणि आसपासच्या ग्रेट लेक्सच्या पट्ट्यात, चार आसनांच्या सेसना १७२ मधून उडताना हे अहवाल नेमाने वाचले आणि नेमाने पाठवलेही. माझे मत आधीच सांगून टाकतो: ढगांचा माथा आणि विमानावर चढणारा बर्फ या दोन बाबतींत पायरेपला पर्याय नाही, हवेच्या खळबळीमुळे बसणाऱ्या धक्क्यांच्या बाबतीत तो जपून वाचावा लागतो, आणि गडगडाटी वादळांच्या बाबतीत अर्ध्या तासापूर्वीच्या अहवालावर कोणीही विसंबू नये.

माथ्याचे महत्त्व या पट्ट्यात राहिल्याशिवाय पुरते कळत नाही. हिवाळ्यात सरोवरांवरून थंड वारा वाहू लागला की खालच्या तुलनेने उबदार पाण्याची वाफ घेऊन तो किनाऱ्याच्या आतपर्यंत ढगांचा सलग थर पसरवतो. हा थर पुष्कळदा तीन-चार हजार फुटांहून जाड नसतो आणि त्याच्या वर लख्ख ऊन असते. विमानतळावरील स्वयंचलित यंत्र ढगांचा तळ व्यवस्थित मोजते, परंतु ते खालून वर पाहत असल्यामुळे माथा कोठे आहे हे त्याला सांगताच येत नाही. उपग्रह आणि संगणकीय प्रारूपे माथ्याची उंची सुचवतात, पण तो शेवटी अंदाजच असतो आणि त्यात हजार फुटांचा फरक सहज पडतो. माझ्या विमानाच्या पंखांवरून बर्फ काढण्याची कोणतीही सोय नाही, त्यामुळे हा हजार फुटांचा फरक निघावे की थांबावे हे ठरवणारा असतो. त्यातच अशा थरात अतिशीत पाण्याचे, म्हणजे शून्याखालीही न गोठलेल्या आणि विमानाला लागताच गोठणाऱ्या थेंबांचे प्रमाण उंचीबरोबर वाढत जाते, म्हणजे सर्वांत त्रासदायक बर्फ माथ्याच्या जरा खाली भेटतो आणि तेथेच विमानाचा चढण्याचा वेग मंदावलेला असतो.

अहवालाची भाषा पहिल्यांदा पाहणाऱ्याला तारेच्या मजकुरासारखी वाटते. नमुन्यादाखल अशी एक ओळ घ्या: यूए /ओव्ही जीआरआर२७००२० /टीएम १४३५ /एफएल०७० /टीपी सी१७२ /एसके ओव्हीसी०२८-टॉप०५६ /टीए एम०९ /आयसी एलजीटी राइम ०४०-०५५. म्हणजे ग्रँड रॅपिड्सच्या पश्चिमेला २० सागरी मैलांवर, जागतिक वेळेनुसार १४३५ वाजता, ७,००० फुटांवर असलेल्या सेसना १७२ ने कळवले आहे की ढगांचा अखंड थर २,८०० फुटांवर सुरू होऊन ५,६०० फुटांवर संपतो, विमान आहे तेथे तापमान उणे ९ अंश आहे, आणि ४,००० ते ५,५०० फुटांच्या दरम्यान पांढरा, खरखरीत बर्फ हलक्या प्रमाणात धरला. जागतिक वेळेतून पाच तास वजा केले की हिवाळ्यातील स्थानिक वेळ सकाळी ९:३५ येते. एका ओळीत एवढा ऐवज मला दुसऱ्या कोणत्याही हवामानपत्रकात मिळालेला नाही. यातील ‘हलका’ या शब्दालाही ठरलेला अर्थ आहे: पंखाच्या बाहेरच्या भागावर तासाला साधारण पाव ते एक इंच. त्याहून कमी असेल तर नाममात्र, एक ते तीन इंचांपर्यंत मध्यम, आणि त्यापुढे तीव्र. तीव्र बर्फ, गारा, तीव्र धक्के, ज्वालामुखीची राख किंवा जमिनीपासून २,००० फुटांच्या आत वेगात १० नॉट वा त्याहून अधिक चढउतार करणारा वाऱ्याचा बदल असेल, तर ओळीच्या आरंभी यूएच्या जागी यूयूए येते आणि तो तातडीचा अहवाल समजला जातो.

वाचताना मी सर्वांत आधी विमानाचा प्रकार पाहतो, आणि माझ्या मते ही सवय लागल्याशिवाय पायरेपचा उपयोग करूच नये. प्रवासी जेट मिनिटाला अडीच-तीन हजार फूट चढत असेल तर असा तीन हजार फुटांचा थर ते मिनिटभरात भेदून जाते. त्याच्या पंखांच्या पुढच्या कडा इंजिनाच्या गरम हवेने तापवलेल्या असतात, आणि वेगामुळे होणाऱ्या घर्षणाने व दाबाने पृष्ठभाग थोडा उबदार राहतो तो वेगळाच. त्याचा वैमानिक ‘बर्फ नाही’ असे कळवतो आणि ते त्याच्यापुरते खरे असते. तोच थर पार करायला मिनिटाला ५०० फूट चढणाऱ्या माझ्या विमानाला सहा मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात पंखाला खालून आधार देणाऱ्या दांड्यावर, म्हणजे स्ट्रटवर, आणि बाहेरच्या तापमापकाच्या टोकावर पांढरी कड दिसू लागते. बर्फ पाहायचा तर पंखाकडे पाहण्याआधी या दोन जागा पाहाव्यात, कारण पातळ वस्तूंवर तो अगोदर धरतो. म्हणून जेटने दिलेला माथ्याचा आकडा मी निःशंक घेतो. त्याने दिलेला बर्फाचा नकार मात्र माझ्या हिशेबात धरत नाही. उलट जेटनेच मध्यम बर्फ कळवला असेल, तर पुढचे काही वाचण्याची गरज उरत नाही.

धक्क्यांच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. माझे विमान पूर्ण भारासह २,५५० पौंडांचे; बोइंग ७३७ ची नव्या पिढीतील विमाने दीड लाख पौंडांच्या पुढे जातात. एकच हवा दोघांना सारखी कशी वाटणार? व्याख्या तशा स्पष्ट आहेत: मध्यम धक्क्यांत पट्टा अंगाला चांगलाच काचतो आणि सुट्या वस्तू जागा सोडतात, पण विमान ताब्यात असते, तीव्र धक्क्यांत ते क्षणभर ताब्याबाहेर जाते. प्रत्यक्षात मात्र घाबरलेला माणूस मध्यमला तीव्र म्हणतो आणि हजारो तास उडालेला मध्यमला हलके म्हणून सोडून देतो. ‘अधूनमधून’, ‘वारंवार’ आणि ‘सतत’ या शब्दांनाही एकतृतीयांश आणि दोनतृतीयांश वेळेची मापे दिलेली आहेत, पण ती पाळून कळवणारे विरळाच. मोठ्या विमान कंपन्यांची काही विमाने आता स्वतःच्या हालचालीवरून हवेच्या खळबळीचे मूल्य काढून आपोआप पाठवतात, आणि ते मूल्य विमानाच्या वजनावर अवलंबून नसल्याने मला तो मार्ग अधिक पटतो. छोट्या विमानांपर्यंत मात्र तो अजून आलेला नाही.

आता सर्वांत मोठी तक्रार. आपण रेडिओवर सांगितलेला अहवाल नकाशावर उमटेलच याची खात्री नाही. ढगांचा तळ ५,००० फूट वा त्याखाली असेल, दृश्यमानता पाच मैल वा त्याहून कमी असेल, हलका का होईना बर्फ असेल किंवा मध्यम धक्के असतील, तर हवाई वाहतूक नियंत्रकांनी वैमानिकांकडून अहवाल मागवावेत असा नियम आहे आणि ते मागतातही. परंतु ऐकलेले त्यांनी फ्रिक्वेन्सीवरील पुढच्या विमानाला सांगणे वेगळे आणि ते यंत्रणेत टंकून सर्वांपर्यंत पोहोचणे वेगळे. काम वाढले की दुसरे मागे पडते, आणि त्यासाठी नियंत्रकाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, मार्च २०१७ मध्ये याच विषयावर एक विशेष अहवाल काढून पायरेप पाठवण्यातील आणि पसरवण्यातील त्रुटी मांडल्या होत्या. ठिकाण, वेळ आणि तीव्रता चुकीची नोंदली जाण्याचा मुद्दाही त्यात होता. वापरणाऱ्याने यातून एवढेच घ्यावे की नकाशा रिकामा दिसला म्हणजे आकाश स्वच्छ आहे असे नाही. शिकागो आणि डेट्रॉइटच्या आसपास खुणांची गर्दी असते. मिशिगनच्या उत्तर भागात, विशेषतः अंधार पडल्यावर, काहीच नसते, आणि त्याचे कारण तेथे त्या वेळी कोणी उडत नसते हे असते.

उड्डाणात अहवाल मिळवण्यासाठी मी ९७८ मेगाहर्ट्झवरील प्रक्षेपण घेणारा एक छोटा एडीएस-बी रिसीव्हर (जमिनीवरील केंद्रांकडून येणारी हवामानाची माहिती विमानात पकडणारे यंत्र) आणि टॅब्लेट वापरतो. या सेवेला वर्गणी नाही आणि पायरेप दर १० मिनिटांनी प्रक्षेपित होतात. जमिनीवरील केंद्र सरळ रेषेत असावे लागते, त्यामुळे धावपट्टीवर बहुधा काही मिळत नाही आणि थोडे चढल्यावर नकाशा भरू लागतो. माझ्या ॲपची एक खोड मात्र वाईट आहे: जुन्या आणि ताज्या खुणा पहिल्या नजरेला सारख्याच दिसतात, वेळ पाहायला खुणेवर बोट ठेवावे लागते, आणि धक्के बसत असताना बोट नेमके शेजारच्या खुणेवर पडते. म्हणून माथ्याचे आणि बर्फाचे अहवाल मी निघण्यापूर्वीच कागदावर उतरवून घेतो.

पाठवण्याचे मार्ग तीन. नियंत्रकाला सांगणे सर्वांत सोपे. फ्रिक्वेन्सी गजबजलेली असेल तर परवानगी घेऊन काही मिनिटे फ्लाइट सर्व्हिसकडे, म्हणजे वैमानिकांना रेडिओवर हवामानाची माहिती देणाऱ्या सेवेकडे, बहुतेक ठिकाणी १२२.२ मेगाहर्ट्झवर, जाता येते; तेथील माणूस ओळ नीट उतरवून घेतो आणि राहिलेले विचारतो, त्यामुळे मला हाच मार्ग सर्वांत विश्वासाचा वाटला. तिसरा मार्ग ॲपमधून किंवा एव्हिएशन वेदर सेंटरच्या संकेतस्थळावरून, पण त्याला इंटरनेट लागते, म्हणजे तो बहुधा उतरल्यावरच जमतो. ठिकाण, वेळ, उंची, विमान, मग हवामान, हा क्रम तोंडात बसला की सगळे बोलायला पंधरा-वीस सेकंद पुरतात.

इन्स्ट्रुमेंट नियमांखाली उडताना अंदाजात नसलेले हवामान भेटले तर ते कळवणे बंधनकारक आहे. माझ्या मते बर्फाचा इशारा असून बर्फ न भेटणे हेही अंदाजात नसलेलेच हवामान, आणि असे नकारात्मक अहवाल फारच थोडे लोक पाठवतात. साध्या विमानाच्या वैमानिकाला तर तेच सर्वाधिक हवे असतात. बर्फाचे अहवाल टाळण्यामागे आणखी एक कारण हँगरमध्ये उघड बोलले जाते: बर्फात उडण्यास मान्यता नसलेल्या विमानातून ‘मला बर्फ धरला’ असे सांगणे म्हणजे स्वतःवर कारवाई ओढवून घेणे, ही भीती. ती समजण्यासारखी आहे. तरीही माथा आणि तापमान सांगायला कोणाचीच हरकत नसते, आणि त्या दोन आकड्यांवरून मागच्या वैमानिकाला उरलेले बरेचसे ताडता येते. बर्फाचे सद्यःस्थितीचे चित्र तयार करणारी संगणकीय प्रणालीही रडार आणि उपग्रहांच्या जोडीला हेच अहवाल वापरते, त्यामुळे ढगातून बाहेर पडताच मी उंची वाचतो, तापमापक पाहतो आणि नियंत्रक मोकळा होण्याची वाट न पाहता फ्लाइट सर्व्हिसकडे जाण्याची परवानगी मागतो.