द्राक्षावरच्या डाऊनीसाठी (केवडा रोग) काय मारावं: मॅन्कोझेब, मेटॅलॅक्झिल, सायमोक्झॅनिल की डायमेथोमॉर्फ?

उत्तर कर्नाटकातल्या अथणी, तेलसंग, तिकोटा या पट्ट्यात सप्टेंबरअखेर छाटलेल्या द्राक्षबागेची कोवळी फूट नेमकी परतीच्या पावसात सापडते. पान दोन-तीन तास ओलं राहिलं की डाऊनीची बुरशी खालच्या बाजूच्या छिद्रांतून आत जाते. तेलकट डाग दिसायला त्यानंतर चार ते सात दिवस लागतात. म्हणून औषध निवडताना दराआधी एकच गोष्ट ठरवायची: पाऊस यायचाय की येऊन गेलाय?

पाऊस यायचा असेल तर मॅन्कोझेब 75 टक्के, लिटरला 2 ग्रॅम. स्वस्त आहे आणि बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी मार करतं, त्यामुळे त्याला प्रतिकारशक्ती सहसा येत नाही. पण ते पानावरच राहतं. जोराची सर आली की धुऊन जातं, नवं निघालेलं पान उघडं पडतं आणि आत शिरलेल्या बुरशीला ते हात लावत नाही. बोर्डोचंही (मोरचूद म्हणजे तांब्याचं मीठ आणि चुना यांचं मिश्रण) काम तसंच, मात्र कोवळ्या फुटीवर थंड, दमट हवेत तांबं पान भाजतं. ते छाटणीनंतर लगेच ओलांड्यांवर (वेलीच्या आडव्या फांद्या), काड्यांवर आणि नंतर जून पानांवर ठीक.

पाऊस होऊन दोन दिवसांच्या आत असाल तर सायमोक्झॅनिल 8 टक्के अधिक मॅन्कोझेब 64 टक्के हे तयार मिश्रण, लिटरला 2 ग्रॅम. सायमोक्झॅनिल पानात शिरून नुकती लागलेली बुरशी मारतं, पण त्याचा जोर दोन-तीन दिवसांतच ओसरतो. उशीर झाला की पैसे वाया जातात.

मेटॅलॅक्झिल 8 अधिक मॅन्कोझेब 64 बहुतेकांच्या सवयीचं आहे. ते रसाबरोबर वर चढतं, नव्या फुटीपर्यंत पोचतं, आणि बुरशी ऐकत असेल तोवर याच्यासारखं दुसरं नाही. अडचण अशी की त्याचा मार बुरशीच्या एकाच जागी बसतो. हंगामात चार-पाच वेळा तेच मारलं की न मरणारी बुरशी तेवढी उरते. युरोपातल्या द्राक्षबागांत हे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं. वर्षानुवर्षं हेच वापरलेल्या बागेत आम्ही त्यावर विसंबू नका असं सांगू. तिथे डायमेथोमॉर्फ 50 टक्के, लेबलवरच्या मात्रेनं, मॅन्कोझेबच्या जोडीनं घ्यावं. महाग पडतं, पण पोंगा (डोळा नुकता फुटण्याची अवस्था) ते फुलोरा या नाजूक काळात एक-दोन फवारण्यांपुरतं परवडतं. लागोपाठ मात्र तेही नको. फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम मधल्या पाळीला चांगलं. तांब्याच्या औषधात कधी मिसळू नका, पानं करपतात.

कुणाचं औषध चाललं हे दुकानात बसून कळत नाही, आपल्याच बागेत पाहावं लागतं. एकाच दिवशी छाटलेल्या, एकाच जातीच्या ओळी घ्या. प्रत्येक औषधाला तीन ओळी ठेवा, पण सलग नकोत. बागेत तीन ठिकाणी एकेक विखरून. वाऱ्याच्या खालच्या कडेची पाच झाडं कोरी, म्हणजे न फवारता ठेवा. ती नसतील तर रोग औषधानं थांबला की हवामानानं, हे सांगताच येत नाही. पंप, नोझल, पाण्याचं प्रमाण सगळीकडे सारखं. मोजणी ओळीच्या मधल्या पाच झाडांवर करा, कारण कडेच्या झाडांवर शेजारचा फवारा उडतो. झाडाला दहा पानं बघा. कोऱ्या झाडांची 50 पैकी 20 पानं डागाळली आणि औषधाच्या ओळीत 4, तर नियंत्रण 80 टक्के. मोजणी झाली की कोऱ्या झाडांनाही लगेच फवारा, नाहीतर तिथूनच रोग पसरेल.

डाग मेला की जिवंत, हे ओळखायचं असेल तर फवारणीनंतर तीन-चार दिवसांनी डागाळलेली पानं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी पानाखाली ताजी पांढरी बुरशी आली तर औषध पोचलं नाही किंवा लागू पडलं नाही. आधी पोचण्याची शंका फेडा: फवारल्या फवारल्या पानं उलटून पाहा. खालची बाजू कोरडी असेल तर दोष नोझलचा किंवा पंपाच्या वेगाचा. ती नीट भिजूनही बुरशी येत राहिली, तर त्या हंगामात त्या गटाचं, म्हणजे बुरशीवर तसाच मार करणारं, औषध बंद करा. मात्रा वाढवून काही होत नाही.

बेदाणा करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे मण्यावर राहिलेला अंशही त्यात दाट होतो. आंतरप्रवाही (झाडाच्या आत शिरणारी) औषधं फुलोऱ्याच्या आसपासच संपवा, आणि लेबलवर काढणीआधी जितके दिवस लिहिलेत तितके मोजूनच शेवटचा फवारा घ्या.