पंचविशीच्या आत घाटा: जपानी पिचरांच्या ‘पोस्टिंग’ सेवेचं परीक्षण

जपानच्या व्यावसायिक बेसबॉल लीगमधल्या, म्हणजे एनपीबीमधल्या पिचरला (बेसबॉलमधल्या गोलंदाजाला) अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये जायचं असेल तर दोन वाटा असतात. एक म्हणजे नऊ हंगामांची सेवा पुरी करून आंतरराष्ट्रीय फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही क्लबशी करार करायला मोकळा, होणं. दुसरी म्हणजे त्याआधीच आपल्या क्लबकडून ‘पोस्ट’ करून घेणं. हे परीक्षण दुसऱ्या वाटेचं आहे. सुरुवातीलाच सांगायचं तर पंचवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि क्लबची संमती मिळालेल्या पिचरसाठी ही सेवा उत्तम आहे. त्याहून लहान खेळाडूला मात्र ती फार महाग पडते, आणि तो महागपणा खेळातून नव्हे, नियमातून आलेला आहे.

आधी कामकाज कसं चालतं ते पाहू. खेळाडू आपल्या क्लबकडे विनंती करतो. क्लब तयार झाला तर एनपीबीच्या कार्यालयामार्फत मेजर लीगला कळवलं जातं आणि तिथून तीसही क्लबांना सूचना जाते. त्यानंतर ४५ दिवसांची मुदत सुरू होते. या काळात खेळाडूचा एजंट हव्या त्या क्लबशी बोलू शकतो. करार ठरला की वैद्यकीय तपासणी, मग सही. मुदतीत सही झाली नाही तर खेळाडू मूळ क्लबकडे परततो आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्याला पुन्हा पोस्ट होता येत नाही. तपासणीही याच ४५ दिवसांत उरकावी लागते. त्यामुळे शेवटच्या आठवड्यापर्यंत भाव ताणत बसणाऱ्या एजंटाच्या हातात प्रत्यक्षात फार थोडे दिवस उरतात. योमिउरी जायंट्सच्या तोमोयुकी सुगानोला २०२०-२१च्या हिवाळ्यात पोस्ट केलं होतं. मनासारखा करार जमला नाही, तो परत गेला आणि २०२५मध्ये, पस्तिशीत, बाल्टिमोर ओरिओल्सकडून मेजर लीगमध्ये उतरला.

पैशाची बाजू आजच्या नियमांत स्वच्छ आहे. अमेरिकन क्लब खेळाडूला करार देतो आणि त्याशिवाय जपानी क्लबला मुक्तता शुल्क मोजतो. हे शुल्क कराराच्या हमी रकमेवर टप्प्याटप्प्याने लागतं: पहिल्या अडीच कोटी डॉलरवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा टक्के आणि पाच कोटींच्या वरच्या सगळ्या रकमेवर १५ टक्के. शोता इमानागाने जानेवारी २०२४मध्ये शिकागो कब्जशी चार वर्षांचा ५ कोटी ३० लाखांचा करार केला. त्यावर ५० लाख, अधिक ४३ लाख ७५ हजार, अधिक ४ लाख ५० हजार, म्हणजे एकूण ९८ लाख २५ हजार डॉलर योकोहामाच्या डीएनए बेस्टार्सना मिळाले. योशिनोबु यामामोतोचा लॉस एंजेलिस डॉजर्सशी डिसेंबर २०२३मध्ये झालेला करार १२ वर्षांचा, ३२ कोटी ५० लाखांचा. त्याच हिशेबाने ओरिक्स बफेलोजच्या वाट्याला ५ कोटी ६ लाख २५ हजार आले. ही रक्कम खेळाडूच्या खिशातून जात नाही. खेळाडूचा भाव वाढला की जपानी क्लबचाही वाटा वाढतो, दोघांचं हित एका दिशेला राहतं. सेवेतला सर्वांत चांगला भाग हाच.

पूर्वी असं नव्हतं. १९९५मध्ये हिदेओ नोमोने किंतेत्सू बफेलोजमधून कागदोपत्री ‘निवृत्ती’ घेऊन डॉजर्स गाठलं. नियमातली ती फट त्याच्या एजंटाने शोधली होती. १९९७मध्ये चिबा लोत्ते मरीन्सनी हिदेकी इराबुचे हक्क परस्पर सॅन डिएगो पाद्रेसना दिले. इराबुला यँकीजकडेच जायचं होतं, त्यामुळे प्रकरण चिघळलं. या दोन्हींच्या पाठोपाठ १९९८च्या अखेरीस पोस्टिंगची पद्धत ठरली. तिची पहिली आवृत्ती म्हणजे बंद पाकिटातला लिलाव होता. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्या एकाच क्लबला बोलणी करण्याचा हक्क मिळे. २००६मध्ये दाइसुके मात्सुझाकासाठी बोस्टन रेड सॉक्सनी ५ कोटी ११ लाख ११ हजार १११ डॉलरची बोली लावली आणि त्याला स्वतःला सहा वर्षांचे मिळून ५ कोटी २० लाख दिले. म्हणजे खेळाडूइतकाच पैसा त्याला सोडणाऱ्या क्लबला. यू दार्विशच्या वेळी, डिसेंबर २०११मध्ये, टेक्सास रेंजर्सनी ५ कोटी १७ लाखांहून अधिक बोली लावली. या आवृत्तीतला मोठा दोष हिसाशी इवाकुमाच्या वाट्याला आला. २०१०मध्ये ओकलंडने त्याची बोली जिंकली, पण करार जमला नाही. दुसऱ्या कोणाशी बोलायची मुभा नसल्याने त्याला जपानमध्येच आणखी एक हंगाम काढावा लागला.

२०१३च्या डिसेंबरमध्ये शुल्कावर २ कोटींची मर्यादा आली आणि ते भरायची तयारी असलेल्या प्रत्येक क्लबला बोलायची मोकळीक मिळाली. मासाहिरो तानाका त्या हंगामात राकुतेनसाठी २४ विजय आणि शून्य पराभव अशी कामगिरी करून आला होता. यँकीजनी त्याला सात वर्षांचे १५ कोटी ५० लाख दिले. एकाऐवजी अनेक गिऱ्हाइकं समोर आली की पैसा कोणाकडे वळतो, हे दार्विशच्या सहा कोटींच्या कराराशेजारी हा आकडा ठेवला की कळतं.

आता मुख्य तक्रार. मेजर लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या डिसेंबर २०१६च्या कामगार करारापासून परदेशातला कोणताही खेळाडू २५ वर्षांचा नसेल किंवा त्याच्या गाठी सहा व्यावसायिक हंगाम नसतील, तर तो ‘आंतरराष्ट्रीय हौशी’ या गटात मोजला जातो. जपानच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये पाच वर्षं गाजवलेला पिचर आणि डोमिनिकन रिपब्लिकमधला सोळा वर्षांचा मुलगा, दोघंही एकाच रांगेत. या गटासाठी प्रत्येक क्लबला वर्षाला ठरावीक बोनस निधी असतो. अशा खेळाडूला फक्त मायनर लीगचा, म्हणजे खालच्या स्तरावरच्या लीगचा, करार देता येतो, आणि मेजर लीगमध्ये बढती मिळाल्यावरही पहिली काही वर्षं किमान पगाराच्या आसपासच काढावी लागतात. शोहेई ओहतानी २०१७मध्ये तेवीस वर्षांचा होता. त्याला एंजल्सकडून २३ लाख १५ हजारांचा बोनस मिळाला. त्याच्या निप्पॉन हॅम फायटर्सना मात्र जुन्या मर्यादेची सवलत लागू करून पूर्ण २ कोटी मिळाले.

रोकी सासाकीच्या वेळी ती सवलतही नव्हती. १० एप्रिल २०२२ला ओरिक्सविरुद्ध १९ स्ट्राइकआउट, त्यातले सलग १३, घेत परफेक्ट गेम (एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू न देता पूर्ण सामना) टाकणारा हा पिचर डिसेंबर २०२४मध्ये पोस्ट झाला तेव्हा नुकता तेवीस पूर्ण झालेला. जानेवारी २०२५मध्ये डॉजर्सनी त्याला ६५ लाखांचा बोनस दिला. मायनर लीग करारावर शुल्क बोनसच्या २५ टक्के, त्यामुळे चिबा लोत्तेच्या हाती आले १६ लाख २५ हजार. यामामोतो पोस्ट झाला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. दोघांच्या वयात पोस्टिंगच्या वेळी दोन वर्षांचं अंतर, आणि क्लबला मिळालेल्या रकमेत जवळपास एकतीस पटींचं. लवकर सोडण्यात इतका तोटा असेल तर जपानी क्लब संमती रोखून धरणारच. सॉफ्टबँक हॉक्सनी कोदाई सेंगाला पोस्ट केलंच नाही. त्याने फ्री एजंट होईपर्यंत वाट पाहिली आणि डिसेंबर २०२२मध्ये न्यूयॉर्क मेट्सशी साडेसात कोटींचा करार केला, तोवर तो तिशीला टेकला होता. परदेशी लीगसाठी बोर्डाच्या ना-हरकत प्रमाणपत्राकडे डोळे लावून बसणारे क्रिकेटपटू आपल्या वाचकांना माहीत आहेत. इथे ते प्रमाणपत्र क्लबच्या हातात असतं आणि ते मिळवण्याचा कोणताही हक्क खेळाडूकडे नसतो.

सासाकीच्या व्यवहाराचा आणखी एक परिणाम फारसा बोलला जात नाही. डॉजर्सचा २०२५चा मूळ निधी ५१ लाख ४६ हजार २०० होता. नियमाप्रमाणे मूळ निधीच्या ६० टक्क्यांपर्यंत जादा रक्कम दुसऱ्या क्लबांकडून खेळाडूंच्या बदल्यात घेता येते, तशी ती घेतली गेली. पण तेवढ्याने भागलं नाही. लॅटिन अमेरिकेतल्या ज्या मुलांना तोंडी शब्द दिलेला होता, त्यांतल्या काहींना दुसरे क्लब शोधावे लागले. तोंडी शब्द कायद्याने बांधील नसतो. तरी मुलं तेरा-चौदा वर्षांची असताना तो दिला जातो आणि घरचे त्याच्या भरवशावर कर्ज काढतात. एका प्रौढ व्यावसायिकाला मुलांच्या निधीत ढकलल्याचा भुर्दंड मुलांनीच भरला. या नियमाविरुद्ध याहून मोठा पुरावा लागत नाही.

त्या मुलांच्या वाटेबद्दल थोडं. सही करायला सोळा वर्षं पूर्ण लागतात आणि पहिल्या हंगामातल्या १ सप्टेंबरपर्यंत सतरा. सह्यांचा काळ १५ जानेवारीला सुरू होतो. मोठे बोनस बहुधा शॉर्टस्टॉप आणि आउटफिल्डर हे क्षेत्ररक्षक घेऊन जातात, कारण सोळाव्या वर्षी पिचरच्या खांद्याचा अंदाज कोणालाच नीट येत नाही. म्हणूनच हुशार स्काउट उशिरा उमलणाऱ्या पिचरांवर नजर ठेवतात. ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी २०१५मध्ये फ्रॅम्बर वाल्देझला एकविसाव्या वर्षी अवघ्या १० हजार डॉलरांत घेतलं, ख्रिस्तियान हाविएरलाही त्याच वर्षी तेवढ्यातच. दोघंही पुढे २०२२ची वर्ल्ड सीरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकणाऱ्या संघात होते. १० हजार किंवा त्याहून कमी बोनस आजच्या नियमात निधीतून वजा होत नाही. क्लबाला हे फुकटचं तिकीट आहे. वाल्देझसारख्याच्या घरी मात्र त्या सहीतून फारसं काही जात नाही, आणि बोनसमधला मोठा वाटा स्थानिक प्रशिक्षकालाही द्यावा लागतो.

करारानंतरची सेवा, म्हणजे नव्या जागी रुळवणं, हा भाग क्लबागणिक वेगळा आहे. अडचणी मात्र ठरलेल्या आहेत. पहिली चेंडूची. एनपीबीचा मिझुनो चेंडू मापाच्या खालच्या टोकाला असतो आणि कातडं हाताला चिकटतं. मेजर लीगचा रॉलिंग्जचा चेंडू कोस्टा रिकात शिवला जातो, किंचित मोठा वाटतो आणि इतका गुळगुळीत असतो की सामन्याआधी त्याला न्यू जर्सीतल्या नदीकाठचा खास चिखल चोळतात. सर्वांत जास्त त्रास स्प्लिटर या ऐनवेळी खाली पडणाऱ्या चेंडूला होतो, कारण तो दोन बोटांच्या फटीत अडकवून सोडायचा असतो. पकड घसरते म्हणून पिचर बोटं जास्त आवळतो आणि तो ताण मनगटावाटे कोपरापर्यंत जातो. शहाणा पिचर जाण्याआधीच्या हिवाळ्यापासून अमेरिकन चेंडूनेच सराव करतो.

दुसरी अडचण दिवसांची. जपानमध्ये सुरुवातीचा पिचर आठवड्यातून एकदा टाकतो, अमेरिकेत दर पाचव्या-सहाव्या दिवशी. त्यात शाळेपासूनचं ओझं असतं. मात्सुझाकाने १९९८च्या कोशिएन या शालेय स्पर्धेत एकाच सतरा इनिंगच्या सामन्यात २५० चेंडू टाकले होते. आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा तिथे २०२०मध्ये आली. मात्सुझाका, दार्विश, ओहतानी या तिघांच्याही कोपराच्या लिगामेंटवर अमेरिकेत गेल्यावर शस्त्रक्रिया झाली. सासाकीचा खांदा पहिल्याच हंगामात, मे २०२५मध्ये दुखावला आणि तो शरद ऋतूत परतला तो रिलीव्हर, म्हणजे सामन्याच्या मध्यावर उतरणारा पिचर, म्हणून. करार करताना वर्षं आणि आकडे यांच्याइतकंच सहा पिचरांची पाळी मिळेल का, स्वतःचा ट्रेनर आणता येईल का, दुभाषा कोणाचा, हे लेखी मागून घ्यावं. यामामोतोच्या वेळी डॉजर्सनी त्याच्या भालाफेकीसारख्या सरावाला हात लावला नाही. पिचरला बोलावून त्याची पद्धत मोडणाऱ्या क्लबांनी हे पाहण्यासारखं आहे.

भालाफेकीवरून आठवण होते ती भारताची. २००८मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी एका स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोघांशी करार केला. दोघंही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, वेगवान गोलंदाज नव्हेत. क्रिकेटमध्ये कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होऊ देत नाहीत. पिचिंगमध्ये नेमकं वाकलेलं कोपर झटक्यात उलगडूनच वेग येतो, आणि ती क्रिया भाल्याला जवळची आहे. रिंकूने मायनर लीगच्या ए श्रेणीपर्यंत मजल मारली. पुण्या-नाशिकच्या एखाद्या मुलाला स्काउटला काय दाखवायचं हे विचारलं तर पहिली गोष्ट तीच, भाला किंवा चेंडू लांब फेकता येतो का. भारतात बेसबॉलची व्यावसायिक लीग नसल्यामुळे पोस्टिंग त्याच्यासाठी नाहीच. त्याला सोळाव्या वर्षापासून खुला असलेला हौशी गटच वापरावा लागेल, आणि त्या गटातला पैसा पंचविशीच्या नियमामुळे सासाकीसारख्यांशी वाटून घ्यावा लागेल.

दुरुस्ती अवघड नाही. २०१६पर्यंत ही रेषा २३ वर्षं आणि पाच हंगाम अशी होती. ओहतानी पाच हंगाम खेळून तेविसाव्या वर्षी गेला, सासाकीही पाच हंगामांच्या सेवेनंतर तेविसाव्या वर्षीच. जुन्या रेषेखाली दोघांनाही खुल्या बाजारात भाव मिळाला असता, चिबा लोत्तेला सोळा लाखांऐवजी कोटींत शुल्क मिळालं असतं आणि त्या वर्षीचा निधी ज्या मुलांसाठी होता त्यांच्यापर्यंतच गेला असता. पुढच्या कामगार कराराच्या बोलण्यांत खेळाडू संघटनेने ही एक ओळ मागून घ्यावी. तोपर्यंत चोवीस वर्षांच्या पिचरला आमचा सल्ला एवढाच: हात धड असेल आणि क्लब पुढच्या वर्षी सोडायला लेखी तयार असेल तर एक हंगाम थांबा. क्लब लिहून देत नसेल, किंवा कोपर कुरकुरत असेल, तर पैशाचा तोटा सोसून आत्ताच निघा.