डेबियन: स्टेबल, टेस्टिंग की सिड?

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या तीन शाखा आहेत: स्टेबल म्हणजे रिलीज झालेली आवृत्ती, सिड म्हणजे नवं सगळं आधी येतं ती, आणि टेस्टिंग म्हणजे पुढची आवृत्ती घडते ती. 'स्टेबल जुनाट, सिड बिनभरवशाची, तेव्हा मधली टेस्टिंग घ्या' हा सल्ला सर्रास मिळतो. रोजच्या कामाच्या मशीनसाठी तिघांत सगळ्यात गैरसोयीची टेस्टिंगच आहे.

नवं पॅकेज (बसवायला तयार सॉफ्टवेअर) आधी सिडमध्ये येतं आणि तातडीच्या दर्जानुसार तिथे २, ५ किंवा १० दिवस मुरतं. नवा गंभीर बग निघाला नाही, बिल्ड नीट झाले, की ब्रिटनी नावाची स्क्रिप्ट त्याला टेस्टिंगमध्ये सोडते. एक लायब्ररी अडली तर तिच्यावर अवलंबून असलेली सगळी रांग खोळंबते. सुरक्षेची दुरुस्तीही बहुतेकदा याच रांगेतून येते. म्हणजे सुरक्षेतलं भोक सिडमध्ये बुजलेलं, टेस्टिंगमध्ये उघडंच. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या सॉफ्टवेअरमधला बॅकडोअर (चोरवाट) उघड झाला, तेव्हा तो सिड आणि टेस्टिंग दोन्हींत पोचला होता. स्टेबलला झळ लागली नाही.

टेस्टिंग घ्यावी ती फ्रीझच्या, म्हणजे रिलीजआधी नवे बदल थोपवण्याच्या काळाच्या, शेवटी. तेव्हा पॅकेजं कुठून घ्यायची हे सांगणाऱ्या सोर्सेसच्या फाइलमध्ये 'टेस्टिंग' असं न लिहिता येणाऱ्या आवृत्तीचं नाव लिहा. ज्यांनी 'ट्रिक्सी' हे तेव्हा येणाऱ्या आवृत्तीचं नाव लिहिलं होतं ते ९ ऑगस्ट २०२५ ला आपोआप स्टेबलवर आले. 'टेस्टिंग' लिहिणारे थेट फोर्की या त्यापुढच्या आवृत्तीच्या धबधब्याखाली गेले, कारण फ्रीझमध्ये थोपवलेलं सगळं रिलीजनंतर लोंढ्यासारखं येतं. 'स्टेबल' हा शब्दही तितकाच दगाबाज: रिलीजनंतर साधं अपडेट करायला जावं तर पुढची अख्खी आवृत्ती दारात उभी.

ट्रिक्सीचा कर्नल (हार्डवेअर हाताळणारा गाभा) ६.१२. लॅपटॉप नवाकोरा असेल आणि वायफाय किंवा ग्राफिक्स रुसत असेल, तर बॅकपोर्ट्स, म्हणजे स्टेबलसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांचा साठा, जोडा. त्यांची प्रायॉरिटी १०० असते, त्यामुळे न मागता काहीच घुसत नाही. हवं ते पॅकेज 'एपीटी इन्स्टॉल' (apt install) या आज्ञेला 'उणे टी ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स' (-t trixie-backports) जोडून मागावं लागतं. एका ॲपसाठी स्टेबलमध्ये सिडचा सोर्स मात्र घालू नका. ते ॲप नवी लिबसी (जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) ओढून आणतं, आणि डाउनग्रेडला, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परतायला, डेबियनचा आधार नाही.

सिड वाईट नाही, पण ती वाचणाऱ्याची आहे. बसवण्याआधी गंभीर बग दाखवणारं एपीटी-लिस्टबग्ज बसवा आणि फुल-अपग्रेडला (गरजेप्रमाणे पॅकेजं काढूनही करायच्या अपग्रेडला) होकार देण्याआधी 'काढली जाणारी पॅकेजं' ही यादी बघा. २०२४ मध्ये ६४-बिट वेळेचं स्थित्यंतर (वेळ मोठ्या आकड्यात साठवण्याचा बदल) चालू असताना त्या यादीत डेस्कटॉपची पॅकेजंही दिसायची. अशा वेळी 'एन' (नाही) दाबायचं आणि काही दिवसांनी पुन्हा बघायचं.