फोटोंच्या मालिकेचा व्हिडिओ: एडिटर की एफएफएमपेग?

फोल्डरमध्ये चार-पाचशे फोटो पडलेत. टाइमलॅप्सचे असोत, स्टॉप-मोशनचे असोत नाहीतर थ्रीडी रेंडरचे, आता त्यांचा चांगल्या दर्जाचा व्हिडिओ करायचाय. इथवर आलेल्या माणसाला फ्रेम रेट म्हणजे काय, कोडेक म्हणजे काय, हे मी सांगत बसत नाही. प्रश्न एवढाच उरतो की हे काम टाइमलाइनवाल्या एडिटरमध्ये करायचं, की एफएफएमपेगला, म्हणजे टाइप केलेल्या कमांडवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला, एक कमांड देऊन मोकळं व्हायचं. मी बरेच दिवस पहिल्या वाटेने गेलो, हल्ली बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेने जातो. माझं काम मुख्यतः टाइमलॅप्सचं आहे, तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

एडिटरचं नाव मुद्दाम घेत नाही. जे झालं तो त्या एकाच सॉफ्टवेअरचा दोष आहे असं मला वाटत नाही, आणि तुमच्या एडिटरमध्ये तसं होत नसेलही.

गच्चीवर ट्रायपॉड लावून ढगांचे फोटो काढले होते. दर ३ सेकंदांनी एक, म्हणजे २४ मिनिटांत ४८०. एडिटरमध्ये मालिका म्हणून आत घेतले, सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर टाकले, थोडा झूम दिला, रंग सावरले आणि एक्सपोर्ट केलं. बघतो तर ढग सरकता सरकता मधेच अडखळत होते. फार नाही, चपलेत खडा आला की माणूस जेवढा लचकतो, तेवढंच. पण एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसेना. आधी वाटलं, कॉम्प्युटर दमला असेल. दुसऱ्या मशीनवर लावून पाहिलं, तिथेही तेच. मग बिटरेटवर (सेकंदाला किती डेटा, त्यावर) संशय घेतला आणि तो दुप्पट केला. फाइल फुगली, अडखळणं काही गेलं नाही. मग कॅमेऱ्याची पाळी आली: एखादा फोटो काढायचा चुकला असेल. सगळ्या फोटोंच्या वेळा तपासल्या. ३-३ सेकंदांनी, अगदी नियमित.

शेवटी कीबोर्डवरच्या बाणाने एकेक फ्रेम पुढे ढकलत मोजायला बसलो. चित्रात एका अँटेनाची काडी होती आणि तिच्याजवळ ढगाची कडा. बाण दाबला की कडा केसभर पुढे जायची. चोविसाव्या फ्रेमपर्यंत ती नीट सरकली. पंचविसाव्याला जागची हलली नाही. सव्विसाव्याला पुन्हा चालायला लागली, चोवीस पावलं टाकली आणि परत थांबली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सेटिंग्जच्या कुठल्याशा पानावर २४ हा आकडा होता, म्हणून एडिटरने फोटोंची मालिका २४ची धरली होती. टाइमलाइन होती २५ची. ४८० फोटो २४च्या वेगाने म्हणजे २० सेकंद, आणि २५च्या टाइमलाइनवर २० सेकंद म्हणजे ५०० फ्रेम. कमी पडलेल्या २० फ्रेम त्याने गुपचूप नकला काढून भरल्या होत्या. दर सेकंदाला एक.

दुरुस्ती सोपी आहे, हे मान्य. क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन २४चे २५ केले की झालं. पण तोवर मी झूमच्या कीफ्रेम (झूम कुठे सुरू होतो, कुठे संपतो त्या खुणा) बसवल्या होत्या, आणि क्लिपची लांबी बदलताच त्या सगळ्या सरकल्या. त्याआधी नकला झाकाव्यात म्हणून फ्रेम ब्लेंडिंगही (शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणं) करून पाहिलं होतं. त्याने अडखळणं गेलं, पण ढगांच्या कडांना भुतासारख्या दुहेरी रेषा आल्या. राग त्या चुकीबद्दल नव्हता. राग याचा, की एवढं सगळं होताना सॉफ्टवेअर एक शब्द बोललं नाही. ना पिवळी खूण, ना सूचना. आणि त्या पानावरचा आकडा बदलायचा विसरलो म्हणून पुढच्या खेपेला पुन्हा तेच झालं, ते वेगळंच.

मुळात अडचण अशी आहे की फोटोंना स्वतःचा वेग नसतो. व्हिडिओच्या फाइलमध्ये वेग लिहिलेला असतो, पाचशे जेपेगच्या ढिगात तो कुठेच नसतो. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअरला तो गृहीत धरावा लागतो. एफएफएमपेगसुद्धा गृहीत धरतं, आणि तेही सांगायला हवं. मालिकेचा वेग तुम्ही सांगितला नाही तर ते २५ मानतं. त्यात एक खड्डा आहे, ज्यात नवा माणूस हमखास पडतो (मीही पडलोय): फ्रेमरेट हा पर्याय इनपुटच्या आधी लिहायचा असतो. नंतर नुसता आर हा पर्याय लिहून २४ दिलात, तर मालिका आधी २५ने वाचली जाते, मग २४मध्ये कोंबली जाते आणि दर २५ फोटोंमागे एक गळतो. म्हणजे रोग तोच, फक्त उलट्या बाजूने.

फरक आहे तो इथे. काम चालू असताना एफएफएमपेग खाली एक ओळ पळवत असतं: किती फ्रेम झाल्या, वेग किती, आकार किती. एखाद्या फ्रेमची नक्कल केली किंवा एखादी टाकली, की त्याच ओळीत डुप आणि ड्रॉप असे दोन आकडे उगवतात. काही झालं नसेल तर ते शब्दच दिसत नाहीत. त्या गच्चीवरच्या दुपारनंतर माझ्या लेखी पारडं इथेच झुकलं. बाकीचे मुद्दे दोन्हीकडून मांडता येतील, पण जे अवजार आपली लबाडी आपणहून कबूल करतं, त्याच्याशी माझं जमतं.

आता एफएफएमपेगचं जे खटकतं ते. ते फोटो क्रमांकाने वाचतं, आणि मधला एक क्रमांक नसेल तर तिथेच मालिका संपली असं समजून थांबतं. तुम्ही एक हललेला फोटो डिलीट केला असेल, तर व्हिडिओ त्याच्या आदल्या फोटोवर संपतो आणि सगळं व्यवस्थित झाल्याच्या थाटात प्रॉम्प्ट परत येतो. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९वरून ०००१वर फिरला असेल तर आणखी मजा. एडिटर अशा वेळी बहुधा मालिकेचे दोन तुकडे करतो किंवा मधली जागा रिकामी दाखवतो, म्हणजे निदान डोळ्यांना दिसतं. माझा उपाय साधा आहे: फोटोंची कॉपी करायची, कॉपीतल्या फाइलींना काढलेल्या वेळेच्या क्रमाने १पासून नवी नावं द्यायची, मगच कमांड. मुळांना हात लावायचा नाही. विंडोज नसेल तर तारांकनाचा नमुना देऊन सगळ्या जेपेग एकदम उचलता येतात, तेव्हा मधल्या गाळलेल्या क्रमांकांनी बिघडत नाही. ९९९९ची गोष्ट मात्र तिथेही क्रम उलटा करून ठेवते, कारण तो नमुना नावाच्या क्रमाने जातो. काम झालं की एफएफप्रोबने (एफएफएमपेगच्याच जोडीचं, फाइल तपासणारं अवजार) फ्रेम मोजायच्या. फोटो ४८० तर फ्रेम ४८०. ही मोजणी एडिटरमधून काढलेल्या फाइलवरही चालते, आणि तुम्ही एडिटरच वापरणार असाल तरी एवढी एक सवय लावून घ्या असं सुचवीन.

दर्जाचं म्हणाल, तर एच.२६४ या नेहमीच्या कोडेकसाठी दोन्हीकडून चांगलाच व्हिडिओ निघतो. मला एफएफएमपेगमध्ये सीआरएफ (दर्जाचा आकडा, जितका लहान तितका दर्जा चांगला) आवडतो, कारण तिथे आपण दर्जा ठरवतो आणि आकार त्याच्यामागे येतो. न सांगता तो २३ असतो. १८ला बहुतेकांना मूळ आणि नक्कल यात फरक कळत नाही. ढग आणि धुकं असेल तर मी १६वर जातो. एडिटरच्या एक्सपोर्ट खिडकीत बऱ्याचदा मेगाबिट विचारतात, आणि पानांच्या सळसळीला किती मेगाबिट पुरतील हे मला अजून अंदाजानेच ठरवावं लागतं. आकाशातल्या निळ्या रंगाचे पट्टे पडतात, त्यावर मात्र सीआरएफ कितीही खाली नेला तरी फारसा उपयोग नाही. ते ८ बिटांचं, म्हणजे रंगाच्या छटा कमी पडण्याचं दुखणं आहे. रॉ फोटो १६ बिटांच्या टिफमध्ये काढून १० बिटांचा व्हिडिओ केला तर पट्टे जातात; जेपेगपासून सुरुवात केलीत तर माहिती आधीच गेलेली असते.

पिक्सेल फॉरमॅटची, म्हणजे फाइलमध्ये रंग कसे साठवायचे त्याची, एक गंमत. पीएनजी मालिका दिली आणि काही सांगितलं नाही, तर एफएफएमपेग रंगांची पूर्ण माहिती ठेवून ४४४चा व्हिडिओ करतं. कागदावर हे उत्तमच. पण तो अनेक फोनवर आणि ब्राउझरमध्ये चालत नाही, आणि ज्याला पाठवला तो 'काळं दिसतंय' म्हणून फोन करतो. पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही ४२०चा (रंगांची माहिती कमी ठेवणारा, सगळीकडे चालणारा) हवा असं स्पष्ट लिहावं लागतं, आणि त्यासाठी रुंदी-उंची सम आकड्यांत असावी लागते. रंगांचंही तसंच. एचडी व्हिडिओ दिसला की प्लेअर बहुधा ७०९ या एचडीच्या रंगमानकाची गणितं लावतात, एफएफएमपेग मात्र न सांगता ६०१ या जुन्या मानकाने रंग बदलतं. लाल रंग किंचित नारिंगीकडे झुकलेला दिसला तर कारण हे. ७०९ने बदल आणि फाइलवर तशी नोंद कर, असं दोन्ही सांगावं लागतं. एडिटर हे सगळं मुकाट्याने बरोबर करतो. मुकाटपणाचा इथे फायदाच होतो, हे प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे.

हलता झूम हवा असेल तर एडिटरला तोड नाही. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० असतो. फोरकेसाठी रुंदी ३८४० केली की उंची २५६० येते आणि त्यातल्या ४०० ओळी कापाव्या लागतात. वरच्या कापायच्या की खालच्या, की कापता कापता हळूहळू वर सरकायचं, हे नजरेने ठरवायचं काम आहे. एफएफएमपेगचा झूमपॅन फिल्टर पूर्ण पिक्सेलच्या उड्या मारतो, त्यामुळे संथ झूम थरथरतो. फोटो आधी बराच मोठा करून मग झूम दिला तर थरथर कमी होते, पण तो द्राविडी प्राणायाम आहे. प्रकाशाची लुकलुक घालवायला डिफ्लिकर नावाचा फिल्टर आहे आणि साध्या लुकलुकीला तो पुरतो. दिवसाची रात्र होते अशा मालिकेला नाही पुरत.

मधला पर्याय म्हणून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा व्हिडिओ सीक्वेन्सर आहे, थ्रीडीवाल्यांच्या तर तो हाताशीच असतो. सगळे फोटो निवडून आणले की एक पट्टी तयार होते आणि एक फोटो म्हणजे एक फ्रेम असा रोकडा हिशोब असतो. नकलांचा प्रश्नच मिटतो, म्हणून मला तो मनापासून पटतो. फक्त साध्या नव्या फाइलमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग पडद्यावर कसे दाखवायचे ते सेटिंग) एजीएक्स असतो. तो स्टँडर्ड केल्याशिवाय एक्सपोर्ट करू नका, नाहीतर फोटो धुतल्यासारखे फिकट येतील.

माझी सध्याची पद्धत अर्धी-अर्धी आहे. एफएफएमपेगने मालिकेचा आधी प्रोरेस ४२२ एचक्यू या एडिटिंगसाठीच्या कोडेकमध्ये मास्टर (मूळ प्रत) काढतो, १० बिटांचा. फोरकेला १९ सेकंदांचे पावणेदोन जीबीच्या आसपास होतात, पण ती जागा मला महाग वाटत नाही. मग हीच फाइल एडिटरमध्ये नेतो. आता वेग फाइलमध्येच लिहिलेला असतो, त्यामुळे एडिटरला तर्क करायला जागा राहत नाही, आणि झूम, संगीत, कापाकापी त्याच्याकडून मजेत होते. आठवड्याला एखादाच व्हिडिओ करत असाल, कमांड लिहायच्या काळ्या खिडकीची धास्ती वाटत असेल, तर सरळ एडिटर घ्या. फक्त फोटो आत घेण्याआधी मालिकेचा वेग आणि टाइमलाइनचा वेग एक आहे ना, ते पाहा. दर काही दिवसांनी नवा फोल्डर येत असेल तर कमांड एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवण्याचं सुख वेगळं आहे. माझी ती फाइल सात ओळींची आहे. फोल्डरचं नाव बदलतो आणि चहा ठेवायला उठतो.

ढगांची ती मालिका मी नंतर याच पद्धतीने पुन्हा केली. ४८० फोटो, ४८० फ्रेम, ओळीत डुपचा मागमूस नाही, अँटेनाजवळची कडा एकदाही न थांबता पार झाली. व्हिडिओ मात्र १९.२ सेकंदांचा झाला आणि संगीत मी २० सेकंदांचं कापून ठेवलं होतं. ते परत कापलं.