नोंदणी विवाह (विशेष विवाह कायदा, 1954): सेवा उत्तम, नोटीस बोर्ड घातक

दोन सज्ञान माणसांची संमती एवढ्याच पायावर, धर्म-जात-पत्रिका न विचारता लग्न लावणारी ही सरकारी सेवा. शुल्क नाममात्र. 1872 च्या जुन्या कायद्यात अमुक धर्म आपण मानत नाही, असं जोडप्याला लिहून द्यावं लागे. 1954 ने ती अट काढली. आता आस्तिक आणि नास्तिक एकाच टेबलासमोर बसतात, आणि या सेवेचं खरं मोठेपण त्यातच आहे.

दोघांपैकी एक जण किमान 30 दिवस ज्या जिल्ह्यात राहतो, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. वय मुलाचं 21, मुलीचं 18 पूर्ण. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. घटस्फोटितांना हुकूमनामा, विधवा-विधुरांना मृत्यू दाखला. नोटिशीनंतर 30 दिवस थांबायचं, पण तीन महिन्यांच्या आत लग्न उरकायचं. म्हणजे 1 जूनची नोटीस असेल तर जुलै-ऑगस्ट हाती. मुदत टळली की नोटीस पुन्हा पहिल्यापासून. हॉल आधी आणि नोटीस मागाहून, असं करणारे इथेच अडकतात.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार हवेत. दोघांनी आपल्याला समजणाऱ्या भाषेत एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं एकेक वाक्य म्हणायचं आणि सह्या करायच्या. ‘देणारा’ कोणी नाही, ‘दिली जाणारी’ही कोणी नाही. हार घाला, मंत्र म्हणा किंवा काहीच करू नका. कायद्याची हरकत नसते.

दोष आहे तो नोटिशीत. नाव, वय, व्यवसाय आणि राहता पत्ता कार्यालयात ठळक जागी लावला जातो. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथेही. घरून विरोध असलेल्या मुलीसाठी हा कागद थेट धोका आहे, आणि संमतीवर उभ्या असलेल्या कायद्यात त्याला जागा असू नये. 2021 च्या जानेवारीत अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस लावणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. हा बदल कायद्यातच यायला हवा. हरकत कोणीही घेऊ शकतं, पण कारणं मोजकीच: आधीचा जोडीदार हयात असणं, वय, संमती देण्याची मानसिक क्षमता, निषिद्ध नातं. ‘धर्म वेगळा’, ‘आईवडिलांना मान्य नाही’ ही कारणं कायद्यात नाहीत. अधिकाऱ्याने 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि हरकत खोडसाळ ठरली तर हरकतदाराला 1000 रुपयांपर्यंत भुर्दंड. रक्कम आज हास्यास्पद वाटते, पण तरतूद माहीत असू द्या. हरकत मान्य झाली तर 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं.

आपल्याकडे हमखास नडणारी गोष्ट म्हणजे मामाची मुलगी. या कायद्याच्या यादीत मामेबहीण-आतेबहीण निषिद्ध नात्यात येतात. रूढीची सवलत आहे, पण राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्याच रूढीला. ‘आमच्यात चालतं’ एवढ्यावर भागत नाही.

पालिकेतली विवाह नोंदणी म्हणजे हे लग्न नव्हे. तिथे आधीच झालेल्या लग्नाची फक्त नोंद होते. दोघांपैकी एक जण हिंदू आणि दुसरा मुस्लिम किंवा ख्रिस्ती असेल आणि लग्न मंदिरात लावून पालिकेचा दाखला काढला असेल, तर तेवढ्याने ते वैध ठरत नाही. नोटीस द्यावीच लागते.